झाडांखालची वसंतफुलं: न्यू जर्सी परिसरातल्या सावलीच्या बागेसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या अंगणात मोठा ओक किंवा मेपल आहे, त्याखाली लॉन धरत नाही, मेथी-टोमॅटो येत नाहीत आणि दर वसंतात मल्चच्या, म्हणजे मातीवर पसरायच्या आच्छादनाच्या, पोत्यांवर पैसे जातात. न्यू जर्सीतल्या कितीतरी मराठी घरांत हेच ऐकायला मिळतं. त्या जागेची खरी मालकी इथल्या पानगळीच्या जंगलातल्या फुलांची आहे. ती एकदा रुजली की माणसापेक्षा जास्त वर्षं टिकू शकतात, आणि त्यांना लागतं ते बहुतेक सगळं त्या झाडाकडूनच मिळतं. खालच्या उत्तरांत हवामान मध्य न्यू जर्सीचं धरलं आहे. बॉस्टन किंवा टोरांटोकडे सगळं साधारण दोन-तीन आठवडे उशिरा होतं.

झाडं एवढी दाट, मग सावलीत फुलं येतात कशी?

सावली पडायच्या आधीच ती फुलून घेतात. मार्चच्या शेवटी जमीन मोकळी होते, पण ओक-मेपलच्या फांद्या तेव्हा उघड्याच असतात. वरचं छत भरायला मेचा मध्य उजाडतो. मधल्या सहा-सात आठवड्यांत जमिनीवर भरपूर ऊन पोचतं आणि हिवाळ्याची ओलही टिकून असते. पान काढायचं, फुलायचं, बी धरायचं आणि पुढच्या वर्षाचा साठा कंदात भरायचा, हे सगळं या झाडांना तेवढ्यात उरकावं लागतं. व्हर्जिनिया ब्लूबेल, स्प्रिंग ब्यूटी, ट्राउट लिली ही मंडळी जूनपर्यंत जमिनीखाली गेलेलीही असतात. ट्रिलियम आणि ब्लडरूट थोडी जास्त थांबतात, पण त्यांचीही मुख्य कमाई वसंतातलीच.

ही मुदत आता बदलते आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावी हेन्री डेव्हिड थोरो याने १८५० च्या दशकात फुलं उमलण्याच्या आणि पानं फुटण्याच्या तारखा टिपून ठेवल्या होत्या. आजच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर फुलं लवकर येऊ लागल्याचं दिसलं. त्याहून चिंतेची गोष्ट म्हणजे झाडांची पानं फुलांपेक्षाही जास्त लवकर फुटू लागली आहेत. म्हणजे उन्हाचे दिवस दोन्ही बाजूंनी सारखे सरकलेले नाहीत, ते कमी झाले आहेत. म्हणून वसंतात या झाडांचं एकही हिरवं पान विनाकारण तोडू नये, असं मी कळकळीने सांगते.

माझ्याकडची सावली चालेल का?

सावली कशाची आहे ते आधी बघा. पानगळीच्या झाडाखाली एप्रिलमध्ये ऊन येतं, ती जागा उत्तम. ओक सर्वांत सोयीचा, कारण त्याच्याखाली खणायला थोडी मोकळी माती सापडते. शुगर मेपल आणि बीचखाली मुळांची गर्दी असते, तरी जमतं. नॉर्वे मेपल सर्वांत अवघड. त्याची बारीक मुळं अगदी वरच्या मातीत चटईसारखी पसरतात, सावली गडद असते आणि पानं शरदात उशिरापर्यंत गळत नाहीत. तिथे फर्न आणि वाइल्ड जिंजर लावून बघा, ट्रिलियम नको.

स्प्रूस किंवा पाइनची सावली बारमाही असते, तिथे ही वसंतफुलं तग धरत नाहीत. घराच्या उत्तर भिंतीलगतही तेच होतं, कारण एप्रिलमध्येही तिथे ऊन जेमतेम पोचतं. अशा जागी फोमफ्लॉवर, सॉलोमन्स सील आणि फर्न लावा.

सुरुवात कोणत्या झाडांनी करू?

व्हर्जिनिया ब्लूबेलने. ओल धरणारी माती मिळाली की ती आपणहून वाढते. कळ्या गुलाबी असतात, उमलता उमलता निळ्या होतात, आणि एप्रिलच्या मध्यापासून दोन-तीन आठवडे बाग भरून राहते. राणी भुंगमाश्या हिवाळ्यातून उठून पोळं उभारायच्या खटपटीत असतात, त्यांची या फुलांवर सतत ये-जा असते. बी पडून नवी रोपं येतात, ती तिसऱ्या वर्षाच्या सुमारास फुलतात.

दुसरं ब्लडरूट. मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला पानाच्या गुंडाळीतून एकेक पांढरी कळी वर येते. फूल दोन-चार दिवसांचं. जोराचा पाऊस आला तर एका दिवसात पाकळ्या गळतात. त्याची हळहळ वाटते, पण नंतर मोठं, कातरलेलं पान उन्हाळ्यापर्यंत जागा झाकून ठेवतं. नर्सरीत मल्टिप्लेक्स नावाची दुहेरी पाकळ्यांची जात मिळते. ती जास्त टिकते आणि दिसतेही देखणी, मात्र तिच्या पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असल्यामुळे मधमाश्यांना तिचा काही उपयोग नाही. मी साधं ब्लडरूटच लावा म्हणेन.

मग वुडलँड फ्लॉक्स आणि फोमफ्लॉवर. दोन्ही कणखर, दोन्ही पटकन पसरतात आणि ब्लूबेल निजल्यावर उघडी पडणारी जागा फोमफ्लॉवर झाकून घेतो.

स्प्रिंग ब्यूटी इतकी लहान असते की पहिल्या वर्षी नजरेतूनही सुटेल. पांढऱ्या पाकळीवर गुलाबी रेघा, बोटभर उंची. ती विरळ लॉनमध्येही येते, फक्त पहिली कापणी तिची पानं पिवळी पडेपर्यंत लांबवायची. अँड्रीना एरिजेनी नावाची एक छोटी रानमाशी आहे, ती जवळजवळ या एकाच फुलाच्या परागावर आपली पिल्लं वाढवते. फूल नाही तर माशी नाही. म्हणून माझ्या यादीत ही नेहमी असते.

मे-ॲपलची छत्र्यांसारखी पानं सगळ्यांना आवडतात, पण ते जमिनीखालून दूरवर पसरतं. छोट्या वाफ्यात लावू नका. ट्राउट लिली लावली तर मनाची तयारी ठेवा. ठिपक्यांचं एकच पान वर्षानुवर्षं येत राहतं. दोन पानं आली की मगच फुलाची आशा.

ट्रिलियम इतकं महाग का? आणि कुठून घ्यावं?

तीन पानं, तीन पाकळ्या, जुनं होत जाईल तसं गुलाबी होणारं पांढरं फूल. ट्रिलियम ग्रँडिफ्लोरम हे १९३७ पासून ओंटारिओचं अधिकृत फूल आहे. त्याची किंमत वेळेची आहे. बी पडल्यावर पहिल्या वसंतात जमिनीखाली फक्त मूळ फुटतं, वर पान दिसायला आणखी एक हिवाळा जातो, आणि पहिलं फूल यायला साधारण सात वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. एवढी वर्षं सांभाळलेलं रोप स्वस्तात विकणं कोणत्याही नर्सरीला परवडत नाही.

म्हणूनच स्वस्त ट्रिलियम दिसलं की शंका घ्या. बाजारात जंगलातून उपटून आणलेले कंद बरेच असतात. जंगल ओकंबोकं होतं आणि दुखावलेली मुळं तुमच्या बागेतही बहुधा जगत नाहीत. ‘नर्सरीत वाढवलेलं’ एवढ्या लेबलवर थांबू नका, कारण जंगलातून आणून कुंडीत एक हंगाम ठेवलेलं रोपही त्यात बसतं. ‘तुम्ही हे बियांपासून किंवा कंद विभागून स्वतः तयार केलं आहे का?’ असं स्पष्ट विचारा. स्थानिक वनस्पतींना वाहिलेल्या संस्था वसंतात रोपविक्री करतात, तिथे हे उत्तर सरळ मिळतं.

मुळांच्या जाळ्यात लावायचं कसं?

संपूर्ण वाफा खणू नका. झाडाची अन्न घेणारी मुळं वरच्या थोड्याशा मातीतच असतात. खुरप्याने चाचपत जा, दोन जाड मुळांमध्ये मऊ जागा सापडली की तिथेच लहान खड्डा करा आणि मूठभर कुजलेलं पानखत मिसळा. मोठ्या कुंडीतल्या एका रोपापेक्षा छोटी पाच रोपं घ्या. ती फटींत बसतात आणि लवकर रुजतात. झाडाखाली नवी माती आणून वाफा उंच करायचा मोह होतो, तो टाळा. मुळांवर मातीचा थर चढला की त्यांचा श्वास कोंडतो. त्याने झाड लगेच मरत नाही, काही वर्षांनी खंगू लागतं आणि तोपर्यंत कारण कोणाच्या लक्षात राहिलेलं नसतं.

सुटे कंद सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावा. ट्रिलियमचा कंद पाच ते आठ सेंटिमीटर खोल, ब्लडरूटचा आडवा आणि जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर मातीखाली. कुंडीतली रोपं एप्रिलमध्ये लावली तरी चालतात. पहिला उन्हाळा मात्र जपायचा. मोठं झाड जमिनीतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा सावकाश, खोलवर पाणी द्या. पानं निजली तरी त्या जागेला पाणी हवंच.

शेणखत किंवा रासायनिक खत घालायची गरज नाही.

गळलेली पानं उचलायची की ठेवायची?

ठेवायची. या पूर्ण पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

जंगलातली काळी, भुसभुशीत माती पाचोळ्याचीच बनलेली असते. पाचोळा ओल धरतो, हिवाळ्यात जमीन गोठून-वितळून कंद वर फेकले जातात ते थांबवतो, आणि कुजताना अन्न देतो. आपण नोव्हेंबरमध्ये ब्लोअरने ती पानं रस्त्याकडेला लोटतो आणि एप्रिलमध्ये पैसे मोजून रंगवलेलं लाकडी मल्च आणतो. त्या मल्चच्या जाड थरातून स्प्रिंग ब्यूटीसारखी नाजूक रोपं वर येऊ शकत नाहीत, आणि पडलेलं बीही रुजत नाही.

ओकची पानं चिवट असतात, एकावर एक बसून थर घट्ट होतो. ती लॉन-मोअरखाली एकदा चिरडून पसरा. पाच-सात सेंटिमीटरचा थर पुरे, झाडाच्या बुंध्याला मात्र टेकू देऊ नका. उरलेली पानं तारेच्या जाळीत कोपऱ्यात साठवा. दीड-दोन वर्षांत त्यांचं पानखत होतं.

एचओएचे, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचे, नियम कडक असतील तर वाफ्याला दगडांची किंवा विटांची स्वच्छ किनार द्या. आखलेला वाफा दिसला की तक्रारी बहुधा येत नाहीत. लॉन कापायला येणाऱ्या माणसांना जागा प्रत्यक्ष दाखवून ‘इथे ब्लोअर नाही, तणनाशकही नाही’ असं सांगा. रुंद पानांचं तण मारणारं लॉनचं औषध ब्लूबेल आणि फ्लॉक्सलाही मारतं.

पाचोळा ठेवला तर टिक्स वाढणार नाहीत का?

भीती खरी आहे. लाइम रोग पसरवणारी काळ्या पायांची गोचीड ओलसर पाचोळ्यातच राहते, आणि मे ते जुलैमध्ये तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असल्यामुळे दिसतही नाहीत. म्हणून वाफा झोपाळ्यापासून आणि मुलं खेळतात तिथून दूर ठेवा. लॉन आणि पाचोळा यांच्यामध्ये तीन फूट रुंद लाकडी चिप्सचा किंवा खडीचा कोरडा पट्टा आखा. काम करताना लांब पँट मोज्यांत खोचा, आणि घरात आल्यावर अंघोळीच्या वेळी गुडघ्यांमागे, काखेत, केसांत नीट तपासा. रोगाचे जंतू शिरायला गोचीड साधारण २४ तासांहून जास्त वेळ चिकटलेली असावी लागते, त्यामुळे रोजची तपासणी खरोखर कामी येते.

गांडुळं आणून सोडू का? शेतकऱ्याचा मित्र म्हणतात ना?

इथे नको. हे उत्तर ऐकून गावाकडे शेती असलेल्या प्रत्येकाला धक्का बसतो, म्हणून कारण सविस्तर सांगते.

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगातल्या बर्फाची कड न्यू जर्सीपर्यंत आली होती. ती जिथे थांबली तिथे दगडमातीची रांग उरली आहे. पर्थ अँबॉय, मेटचन, प्लेनफील्ड, समिट अशी ती जाते, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या घरांजवळूनच. त्या रेषेच्या उत्तरेला बर्फाखाली गेलेल्या जमिनीत स्थानिक गांडुळं उरली नाहीत. तिथली जंगलं पुढची हजारो वर्षं गांडुळांशिवाय घडली. तिथे पाचोळा बुरशीच्या साहाय्याने अगदी हळू कुजतो आणि त्या जाड, सावकाश थरावरच ट्रिलियमसारखी झाडं जगतात. युरोपातून आलेली गांडुळं हा थर झपाट्याने फस्त करतात. आता पूर्व आशियातून आलेली उड्या मारणारी गांडुळं त्याहून मोठं संकट झाली आहेत. ती हातात घेतली तर सापासारखी वळवळतात, त्यांच्या अंगावरचा पांढरट पट्टा सपाट आणि पूर्ण गोल असतो, आणि ती असलेली माती वाळलेल्या कॉफीच्या चोथ्यागत दाणेदार, सुटी होते. अशा मातीत कंदांची मुळं धरत नाहीत.

उड्या मारणारी पूर्ण वाढलेली गांडुळं थंडीने मरतात, पण त्यांचे कोष हिवाळा काढतात आणि कुंड्या, मल्च, कंपोस्ट यांतून पसरतात. म्हणून शक्य तेव्हा मातीविना, सुट्या मुळांची रोपं घ्या. शेजाऱ्याकडून रोप आणलं तर मुळं धुऊन लावा. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यासाठी डब्यात गांडूळखत करत असाल तर ती गांडुळं डब्यातच ठेवा.

हरणं सगळं खातात. काही उपाय?

आठ फूट उंच कुंपण हा एकच पक्का उपाय आहे. ते जमत नसेल तर तारेच्या जाळीचे गोल पिंजरे करून ट्रिलियमवर ठेवा, कारण हरणांना ट्रिलियम फार आवडतं आणि एकाच खोडावरची सगळी पानं एका घासात जातात. दोन-तीन वर्षं लागोपाठ असं झालं की कंद आक्रसून मरतो. वासाची फवारणी पावसानंतर पुन्हा करावी लागते. मे-ॲपल, वाइल्ड जिंजर, ब्लडरूट, ख्रिसमस फर्न यांना हरणं सहसा तोंड लावत नाहीत.

मेअखेरीस ब्लूबेल पिवळी पडून लोळली. मेली का?

नाही, निजली. पानं पूर्ण पिवळी होऊन आपोआप सुटेपर्यंत हात लावू नका, गाठी मारू नका. तिथे खूण म्हणून काठी किंवा पाटी रोवा, नाहीतर सप्टेंबरमध्ये दुसरं काही लावताना खुरपं कंदातून जाईल. उघडी जागा नको असेल तर मध्ये ख्रिसमस फर्न लावा. ब्लूबेल खाली बसते तेव्हाच त्याची नवी पानं उलगडत असतात.

बियांपासून वाढवता येईल का?

येईल, पण पाकिटातलं वाळलेलं बी घेऊ नका. ब्लडरूट, ट्रिलियम, ट्राउट लिली यांचं बी वाळलं की बहुधा वाया जातं. या बियांवर एक पांढरट, तेलकट गाठ असते. मुंग्या तिच्यासाठी बी वारुळात नेतात, गाठ खातात आणि बी तिथल्या सुपीक कचऱ्यात टाकून देतात. जंगलात यांचा प्रसार मुंग्यांच्या पायांनीच होतो, म्हणून तो वर्षाला काही फुटांचाच. जूनमध्ये ब्लडरूटची शेंग पिवळसर झाली की बी काढा, त्याच दिवशी सावलीत पेरा आणि पाचोळ्याने झाका. किंवा मुंग्यांवर सोडा. वाफ्यात मुंगीनाशक मात्र घालू नका.

पाडव्याला किंवा रामनवमीला ही फुलं देवाला वाहता येतील का?

पाडवा मार्चमध्ये आला तर बागेत फारसं काही उमललेलंच नसतं. एप्रिलमध्ये आला तर ब्लडरूट असेल, पण ते तोडल्यावर लगेच पाकळ्या टाकतं. ट्रिलियम कधीच तोडू नका. फूल आणि पानं एकाच खोडावर असल्यामुळे फुलाबरोबर झाडाचं वर्षाचं सगळं अन्न जातं. पूजेसाठी शेजारी डॅफोडिल आणि फोर्सिथिया लावा, ती हवी तेवढी तोडा. बाहेर उद्यानातली किंवा जंगलातली फुलं तोडणं तर अनेक ठिकाणी बेकायदा आहे.

घरात लहान मुलं आहेत. यातलं विषारी काय?

मे-ॲपलचं कंद, पान, कच्चं फळ सगळंच विषारी. त्याचा हिमालयातला भाऊबंद, बनककडी, याच्यापासूनही पोडोफायलोटॉक्सिन काढतात आणि त्यावरून इटोपोसाइड हे कर्करोगावरचं औषध बनवतात. ब्लडरूटचा नारिंगी-लाल रस त्वचा जाळतो. इंटरनेटवर तो चामखिळीवर लावायचे सल्ले दिसतील, ते मानू नका. हातमोजे घालून काम करा आणि डॅफोडिलचे कंद कांद्यांजवळ ठेवू नका.

रॅम्प्स म्हणजे रानकांद्याची पात लावून खाता येते का?

येते, पण धीराने. बी रुजायला दीड वर्षापर्यंत लागतं आणि खाण्याजोगं व्हायला त्यापुढे पाच-सात वर्षं. कंद उपटू नका. एका झाडाचं एकच पान कापा. क्युबेकमध्ये अति तोडणीमुळे १९९५ पासून रॅम्प्सच्या विक्रीवर बंदी आहे. लिली ऑफ द व्हॅलीचं पान दिसायला जवळपास असंच आणि अतिशय विषारी असतं. पान चुरगळून लसणीचा वास आला तरच ते रॅम्प्स, आणि आधीच्या पानाचा वास बोटांना राहिलेला नाही याची खात्री करा.

काय अजिबात लावू नये?

लेसर सेलंडाइन. मार्चमध्ये चकचकीत पिवळी फुलं येतात, म्हणून लोक हौसेने आणतात. काही वर्षांत ती ओढ्याकाठचं सगळं रान व्यापते आणि ब्लूबेल गुदमरते. उपटली तर प्रत्येक बारीक गाठ मातीसकट पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. इंग्लिश आयव्ही आणि व्हिंका आधीपासून असतील तर एका वर्षात सगळं काढायला जाऊ नका. टेबलाएवढा तुकडा साफ करा, लगेच त्यात फोमफ्लॉवर लावा, पुढच्या वर्षी पुढचा तुकडा.

हीच झाडं पुण्याला आईच्या बागेत लावता येतील का?

नाही. त्यांना कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. पण सह्याद्रीतही अशीच घाईची मंडळी आहेत, फक्त त्यांचा वसंत म्हणजे मृगाचा पाऊस. सापकांदा पहिल्या सरींबरोबर वर येतो. इथल्या जंगलातलं जॅक-इन-द-पुल्पिट हे त्याचंच भावंड, दोन्ही अरिसीमा वंशातली. कंद लहान असताना झाड नर असतं, साठा वाढला की मादी होतं, आणि एखादं वर्ष हलाखीत गेलं तर पुन्हा नर. दोघांतही अळूसारखे खाजरे स्फटिक असतात. जॅक-इन-द-पुल्पिट तुमच्या न्यू जर्सीच्या बागेत ओलसर कोपऱ्यात सहज येईल. सापकांदा मात्र घाटातून खणून आणू नका, पावसाळ्यात तिथेच जाऊन पाहा.

लावण्याआधी ही फुलं कुठे पाहता येतील?

एडिसनहून सुमारे तासाभरावर, पेनसिल्वेनियात न्यू होपजवळ, बोमन्स हिल वाइल्डफ्लॉवर प्रिझर्व्ह आहे, १९३४ पासूनचं. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात तिथे ब्लूबेल आणि ट्रिलियम एकाच फेरीत दिसतात. डेलावेअरमधलं माउंट क्युबा सेंटर ट्रिलियमच्या संग्रहासाठी आवर्जून बघावं. बॉस्टनकडच्यांसाठी फ्रेमिंगहॅमचं गार्डन इन द वुड्स, मेच्या सुरुवातीला. जाताना फोनमध्ये आपल्या अंगणाचा एप्रिलमधला फोटो घेऊन जा, सकाळचा आणि दुपारचा. तिथले स्वयंसेवक ऊन कुठून येतं ते बघून झाडं सुचवतात. वेळ आधी नोंदवावी लागते का ते पाहून निघा, आणि वाट सोडून फुलांत उभं राहून फोटो काढू नका, कारण पायाखाली यायच्या बेतातले ट्रिलियमचे कोंब पाचोळ्याखाली दिसत नाहीत.